घंटी वाजायच्या आत

तात्यांना दोन मिनिटांत बोलायला मी शिकवलं, असं म्हटलं तर आमच्या भागातली जुनी माणसं हसतील. तात्या एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, ही त्यांची ख्याती खासदार होण्याच्या कितीतरी आधीची. लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले की मुहूर्त टळायचा आणि भटजी अक्षता मुठीत धरून घामाघूम व्हायचे. दशक्रियेला श्रद्धांजली वाहायला उभे राहिले की कावळासुद्धा कंटाळून उडून जायचा. असा माणूस दिल्लीला गेला आणि तिथे त्याला सांगण्यात आलं की तुमच्याकडे फार तर दोन-तीन मिनिटं आहेत.

मी तेव्हा त्यांच्या चाकणच्या जनसंपर्क कार्यालयात नुकतीच लागले होते. त्याआधी पिंपरीच्या एका कंपनीत स्टेनो होते. ती कंपनी बंद पडली आणि तिच्या जागी टॉवर उभे राहिले. तात्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही टाइप करणारं माणूस हवं होतं. मला पगार हवा होता. राजकारणाचा मला लहानपणापासून तिटकारा, पण तिटकाऱ्यावर घर चालत नाही.

लोकसभेत प्रश्नोत्तरं संपली की शून्य प्रहर असतो. आपल्या भागातली तातडीची बाब मांडायची असेल तर खासदाराने सकाळी नोटीस द्यायची, सोडत निघते, नंबर लागला तर बोलायचं. वेळ संपली की अध्यक्ष घंटी वाजवतात आणि माईक बंद होतो. पहिल्या अधिवेशनात तात्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी छत्रपतींना वंदन केलं, मतदारांचे आभार मानले, इंद्रायणीचं वर्णन सुरू केलं आणि घंटी वाजली. विषय महामार्गावरच्या कोंडीचा होता. तो तसाच कोंडीत राहिला.

त्यानंतर शनिवारी गावी आले की आमची तालीम सुरू झाली. तात्या स्वतःच्या खुर्चीत मला बसवायचे. शिपायाला बोलवायची पितळी घंटी माझ्यापुढे ठेवायचे. स्वतः भेटायला आलेल्यांच्या बाकामागे उभे राहायचे, जाकिटाची बटणं लावायचे आणि म्हणायचे, "अध्यक्ष महोदय." मी ऐकू लागले की रागवायचे. "तुमी माज्याकडं बघू नका, बाई. तिथं कुनी बघत न्हाई. कागदं चाळा."

मग मी कागद चाळायची आणि वेळ झाली की घंटी दाबायची. सहा फुटांचा, पांढऱ्या शुभ्र कपड्यातला, ज्याला तालुक्यात कुणी खाली बस म्हणायला धजत नसे असा तो माणूस दचकायचा आणि वाक्य अर्धं टाकून मुकाट बाकावर बसायचा. मला त्याची गंमत वाटायची. त्यांनाही वाटत असावी, कारण पुढे ते मला सभापतीच म्हणू लागले. "काय सभापती, च्या झाला का?" असं सगळ्यांसमोर विचारायचे.

भाषणाला त्यांची एक लकब होती. कागद हातात धरायचे नाहीत. उजवा हात छातीशी घ्यायचे आणि एकेक मुद्दा झाला की एकेक बोट दुमडायचे. करंगळीपासून सुरुवात आणि अंगठ्याशी शेवट. मूठ झाली की भाषण झालं. पाचापेक्षा जास्त मुद्दे मी लिहून दिले तर परत पाठवायचे. "देवानं एका हाताला पाचच दिली," म्हणायचे.

दोन मिनिटांत बोलायला ते शिकले, हे मला मान्य करावं लागेल. चाकणच्या चौकातली कोंडी, कामगारांचा दवाखाना, नदीला येणारा फेस, निघोज्याकडच्या रस्त्यावर कंटेनरखाली जाणारी दुचाकीवाली पोरं, सगळं त्यांनी त्या सभागृहात मांडलं, आणि मराठीत मांडलं. काही महिन्यांनी मंत्र्यांचं पत्र यायचं की बाब तपासून पाहण्यात येत आहे. तात्या ते पत्र चष्मा पुसून, उभं राहून वाचायचे. एकदा मी चिडून म्हटलं, ह्यानं रस्त्यावरचा एक खड्डा तरी बुजला का? ते रागावले नाहीत. म्हणाले, "गावात बोललेलं वाऱ्यावर जातं, बाई. तिथं बोललेलं छापून ठेवत्यात. आपन मेलो तरी ते ऱ्हातं. त्याला कुनी पुसू शकत न्हाई." त्यांचा ह्यावर खरोखर विश्वास होता. लोकांचा देवळावर असतो तसा.

ह्याच विश्वासाचं ऐकून बालाजी आमच्याकडे आला.

बालाजी लातूरकडचा. कुरुळीत खोली घेऊन राहायचा आणि एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करायचा. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, प्रेस खाली येतो, तुकडा आकार घेऊन बाहेर. अशा मशीनला दोन बटणं असतात आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहू नये. पण त्याने माल कमी निघतो. म्हणून त्या शेडमध्ये एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने माल. बालाजीचा दुसरा हात आत राहिला. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा उरला.

दवाखान्यात शेड चालवणाऱ्या ठेकेदाराने घरगुती अपघात म्हणून नोंद केली. शेडच्या हजेरीवर बालाजीचं नाव कधी नव्हतंच. आता ठेकेदार म्हणत होता की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हता, मित्राला भेटायला आला आणि आगाऊपणाने मशीनला हात लावला. भरपाईचा दावा त्याने टाकला होता. पण तो तिथे कामाला होता हे सांगणारं कुणी नव्हतं. बरोबरची माणसं काम सोडून पांगली होती, नाहीतर गप्प होती.

"माजं नाव तिथं घ्या, तात्या," तो म्हणाला. "हा मानूस त्या शेडात कामाला होता, एवढंच म्हणा. तुमी म्हणल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

तात्या नेहमीप्रमाणे उजवा हात छातीशी घेऊन ऐकत होते. बालाजीने हातावरचा रुमाल सोडला तसा त्यांनी आपला हात खिशात घातला. त्या दिवसापासून बोटं दुमडून मुद्दे मोजणं त्यांनी सोडलं.

आता हेही सांगायला हवं की ती शेड तात्यांची होती. म्हणजे मशीन ठेकेदाराचं, पण जमीन आणि शेड तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ सोपानशेठ ह्यांच्या नावावर. आमच्याकडे शेती अशीच संपली. उसाच्या जागी शेड आल्या आणि शेतकऱ्यांचे शेठ झाले. भाड्याचा व्यवहार सोपानशेठ बघायचे, आणि तात्यांची निवडणूकही तेच बघायचे. बालाजीला हे माहीत होतं. म्हणूनच तो दुसऱ्या कुणाकडे न जाता तात्यांकडे आला होता. तात्या त्याला ओळखत होते.

मला वाटलं, आता तात्या काहीतरी गोलमोल बोलून त्याला वाटेला लावतील. पण त्यांनी शब्द दिला. मग कितीतरी शनिवार आम्ही त्या एकाच भाषणाची तालीम केली. मी लिहून दिलेला मजकूर सभ्य होता: लहान कारखाने, सुरक्षेची साधनं, तपासणीचा अभाव, आणि शेवटी बालाजीचं नाव. तात्या नावापर्यंत यायचे आणि अडखळायचे. तेवढ्यात मी घंटी वाजवायची. त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि मला पहिल्यांदा त्यांची दया यायला लागली.

नंबर लागल्याचा फोन दिल्लीहून आला तेव्हा कार्यालयात गर्दी झाली. कार्यकर्त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या. बालाजी दाराजवळ, चपला काढून उभा होता. मी त्याला पुढे बसवलं.

सभागृहात त्या दिवशी गोंधळ होता, कशावरून ते आता आठवत नाही. सदस्य फलक घेऊन पुढे धावत होते. तात्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, जाकिटाची बटणं लावली. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या लहान कारखान्यांमध्ये," एवढं आम्हाला ऐकू आलं. मग आरडाओरडा वाढला, घंटी वाजली आणि अध्यक्षांच्या आसनावरून सांगण्यात आलं की आता काहीही नोंदलं जाणार नाही. माईक बंद झाला.

तात्या बसले नाहीत.

मी शिकवलेलं सगळं ते विसरले, किंवा पहिल्यांदाच त्यांनी ते बाजूला ठेवलं. गोंधळाच्या मागे, वरच्या रांगेत ते उभे होते आणि बोलत होते. तोंड हलत होतं. मध्ये एकदा त्यांनी हात स्वतःच्या छातीवर आपटला. कॅमेरा दुसरीकडे जायचा, परत यायचा, तरी ते बोलतच होते. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"म्याडम," बालाजीने मला हळूच विचारलं, "काय म्हणायलेत तात्या?"

"ऐकू नाही येत," मी म्हटलं.

सभागृह तहकूब झालं आणि टीव्हीवर दुसरं काही लागलं.

आमच्याकडची माणसं मात्र अशा गोष्टीने खचत नाहीत. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. टीव्हीवरून काढलेला फोटो, तात्यांचा हात छातीवर, तोंड उघडं, आणि वर लिहिलं होतं, "संसदेत घुमला कामगारांचा आवाज." तात्या काय बोलले हे फ्लेक्स लावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, वाचणाऱ्यांनाही नव्हतं. खाली शुभेच्छुकांची चित्रं होती. त्यात पहिलं आणि सगळ्यांत मोठं सोपानशेठचं. गळ्यात साखळी, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू. मी बसची वाट बघत त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि मला इतकं घाण वाटलं की बस सोडून मी रिक्षा केली.

तात्या परत आले ते थकून आले. दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, "समदं म्हनलो, बाई. त्याचं नाव घेतलं. माज्याबद्दल बी म्हनलो. काय बी ठेवलं न्हाई." मी त्यांच्यापुढे छापील वृत्तांताचं पान ठेवलं. त्यांच्या नावापुढे ते पहिलं अर्धं वाक्य होतं, मग कंसात व्यवधान, म्हणजे गोंधळ, आणि खाली बारीक अक्षरात, कामकाजाच्या वृत्तांतात समाविष्ट केलं नाही. त्यांनी ते चष्मा न पुसताच वाचलं. नंतर खिडकीबाहेरच्या कंटेनरांकडे वळले. मग म्हणाले, "पर म्या बोललो."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते. तिथे काय बोलले हे मला केवळ त्यांच्याच तोंडून माहीत आहे, पण बंद माईकवर खोटं बोलण्यासाठी कुणी एवढं उभं राहत नाही. तरीही त्यांना फ्लेक्स उतरवायला सांगावं असं वाटलं नाही. पत्रकारांना बोलावून तेच पुन्हा सांगावं, असंही वाटलं नाही. मी सुचवलं, तेव्हा ते म्हणाले की बाहेर बोललं की भांडण होतं, आत बोललेल्याला संरक्षण असतं. फ्लेक्स ऊन-पावसाने फाटेपर्यंत तिथेच होता.

पुढे बालाजीच्या वकिलाने तात्यांचं नाव साक्षीदार म्हणून दिलं. त्याला फक्त एकच वाक्य हवं होतं: ह्या माणसाला मी त्या मशीनवर काम करताना पाहिलं. समन्स कार्यालयात आलं. तात्यांनी ते वाचलं आणि मला उत्तर टाइप करायला सांगितलं, की अधिवेशन चालू असल्याने उपस्थित राहता येणार नाही. अधिवेशनाच्या काळात खासदाराला साक्षीला बोलावता येत नाही, असा नियमच आहे. पत्र मीच टाइप केलं, दुसरं कोण करणार. पण ते त्यांच्यापुढे सहीला ठेवताना मी म्हटलं, "तात्या, तिथं कुणी ऐकत नव्हतं म्हणून तुम्ही सगळं बोललात. इथं ऐकायला माणूस बसलाय, तर तुम्हाला अधिवेशन आठवलं." त्यांनी सही केली. कागद सरकवताना माझ्याकडे बघितलं नाही.

अधिवेशन संपलं की तब्येतीचं कारण निघायचं, तब्येत सुधारली की पुढचं अधिवेशन. बालाजी दर तारखेनंतर कार्यालयात यायचा. डाव्या हाताने चहाचा कप धरायला शिकला होता. कुठल्यातरी सोसायटीत तो रखवालदार झाला होता. तक्रार कधी केली नाही. एवढंच म्हणायचा, "तात्या एकदा तिथं बोललेत न्हवं, म्हणजे येतील." त्याचा तो विश्वास बघून मला तात्यांपेक्षा त्याचाच राग यायचा.

मग निवडणूक आली आणि तात्यांचं तिकीट कापलं गेलं. कारणं दुसरीच होती, ह्यातली कुठलीही नव्हती. कार्यालयावरची पाटी उतरली. आता त्यांना अधिवेशन नव्हतं. समन्स पुन्हा निघालं.

बालाजीचा दावा पुढे पुराव्याअभावी फेटाळला गेला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको. मी मात्र तेव्हा आशा लावून बसले होते, आणि त्याला कारण होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यांनी मला घरी बोलावलं. येताना घंटी आणायला सांगितली. कार्यालय आवरताना ती माझ्या पिशवीत आली होती. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, घंटी टीपॉयवर ठेवली आणि स्वतः समोर उभे राहिले. जाकीट नव्हतं, साधा सदरा होता. कागद चाळायला सांगितले नाहीत. बोलायला लागले.

"खंडेनवमीला म्या त्या शेडात व्हतो. दर साली असतो. समद्या मशीनींची पूजा म्याच करतो. ह्या बालाजीच्याच मशीनवर म्या नारळ फोडला. ह्यानंच मला खोबरं दिलं. दोन बटनं व्हती. दोन्हीला म्या हळद-कुंकू लावलं. एका बटनाला चिकटपट्टी व्हती. म्या पट्टीवर कुंकू लावलं. ती कशापायी हाय ते मला ठावं व्हतं. शेड माजी हाय. मला ठावं व्हतं आन् म्या कुंकू लावून बाहेर आलो."

दोन मिनिटं झाली असतील, नसतील. मी घंटीला हात लावला नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोलणं संपल्यावर ते उभेच राहिले. घंटीकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "झालं, तात्या. असंच म्हणा उद्या. ह्यातलं बालाजीच्या मशीनचं एक वाक्य म्हणालात तरी त्याचं काम होईल." त्यांनी मान हलवली. मला दारापर्यंत सोडायला आले. त्या माणसाबद्दल मला इतका आदर त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात लवकर पोहोचले. बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. उजवी बाही हातावर ओढून घेतली होती. तात्यांची गाडी आल्याचं वकिलाने वरच्या मजल्यावरून पाहिलं होतं. आम्ही वाट बघितली. पुकारा झाला. शिपायाने तात्यांचं पूर्ण नाव घेऊन हाक दिली, जे नाव मी फक्त लोकसभेच्या कागदांवर टाइप केलं होतं. कुणी उठलं नाही. न्यायाधीशांनी थोडा वेळ दिला, तशी मी आणि बालाजी जिना उतरून फाटकाकडे धावलो.

गाडी समोरच, कडुनिंबाखाली होती. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. तात्या मागच्या सीटवर, काचा वर करून बसले होते. आज जाकीट घातलं होतं. आम्ही जवळ गेलो तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होते. ओठ हलत होते. उजवा हात छातीशी होता आणि ते एकेक बोट दुमडत होते.

बालाजीने काचेवर टकटक करायला हात उचलला. हात उजवाच होता, सवयीने उचलला गेला. तो काचेपाशी थांबला. तात्यांना तो दिसला. त्यांची मूठ अर्धीच झाली होती. त्यांनी हात खाली घेतला, बालाजीच्या तोंडाकडे बघितलं आणि काहीतरी बोलले, बराच वेळ. काच खाली केली नाही. मग पलीकडच्या काचेवर अंगठीने ठोकून ड्रायव्हरला बोलावलं. तो अर्धा चहा टाकून पळत आला. गाडी वळली आणि रस्त्याला लागली.

वरून दुसऱ्यांदा पुकारा झाल्याचं ऐकू आलं. बालाजी गाडी गेली तिकडे बघत होता.

"काय म्हणलेत तात्या, म्याडम?" त्याने विचारलं.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.